टाळ वाजत राहिले तर आरती थांबते : मोठ्या संस्थांतील अंतर्गत संवादाविषयी काही विचार



आपल्या सीमाभागातील असंख्य कुटुंबांतील माणसे आज मोठमोठ्या संस्थांतून नोकरी वा सेवा करीत आहेत. कोणी बिदरजवळील कोळार औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात, कोणी कलबुरगीच्या रुग्णालयात, कोणी साखर कारखान्यात, कोणी शिक्षणसंस्थेत, तर कोणी एखाद्या देवस्थानाच्या अन्नछत्रात किंवा भक्तनिवासात. या सर्वांच्या बोलण्यातून एक खंत वारंवार कानी येते : "आम्हांला कोणी काही सांगत नाही, आणि आमचे कोणी ऐकत नाही." संस्था धार्मिक असो, औद्योगिक असो की शैक्षणिक, ही खंत सारखीच असते. तिचे मूळ काय आणि तिच्यावर उपाय कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

संस्था वाढते, संवाद आटतो

संस्था लहान असते तेव्हा संवादासाठी वेगळी व्यवस्था लागत नाही. दहा माणसे एका अंगणात काम करीत असतील तर एकाच्या घरचे दुखणे दुसऱ्यास सायंकाळपर्यंत कळते. परंतु माणसे वाढली की गणित बदलते. दहा माणसांत परस्परांच्या जोड्या केवळ ४५ होतात. शंभर माणसांत त्याच जोड्या ४,९५० होतात. माणसे दहापट वाढली, पण संवादाच्या वाटा शंभरपटींहून अधिक झाल्या. इतक्या वाटा केवळ ओळखीपाळखीवर चालू राहणे शक्य नसते. मग मधे पर्यवेक्षक येतात, विभागप्रमुख येतात, कार्यालय येते. प्रत्येक पायरीवर निरोपातील थोडे गळते आणि थोडे नवीन मिसळते.

यातून दोन व्याधी उत्पन्न होतात. पहिली, वरचा निर्णय खालपर्यंत धड पोहोचत नाही. समजा, उत्सवाच्या दिवशी दर्शनाची वेळ अर्ध्या तासाने बदलण्याचा ठराव झाला. तो कार्यालयाच्या फलकावर लागला, परंतु महाद्वारावरील सेवकास कोणी सांगितले नाही. भाविक त्यालाच विचारतात, तो जुनी वेळ सांगतो आणि बोलणीही तोच खातो. दुसरी व्याधी अधिक गंभीर आहे. खालच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट वर जात नाही. पायरी निसरडी झाली आहे, कठडा हलतो आहे, रांग एका बाजूने दाटते आहे, हे प्रथम दिसते ते तेथे उभ्या असलेल्या झाडूवाल्यास किंवा पहारेकऱ्यास. विश्वस्तांना ते दिसण्याचा संभव नसतो.

२५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेच्या कारणमीमांसेत आम्ही येथे जात नाही. परंतु ज्या संस्थेच्या आवारात हजारोंची गर्दी होते, तिच्या प्रत्येक सभासदाने त्या दिवसाची आठवण ठेवून स्वतःस एक प्रश्न विचारावा : आपल्या शेवटच्या पायरीवरील सेवकास काही धोक्याचे दिसले, तर ते निर्णय घेणाऱ्याच्या कानी किती मिनिटांत पडेल? अंतर्गत संवाद हा केवळ सौजन्याचा विषय नाही, तो प्रसंगी जीविताचा विषय आहे, हे यावरून ध्यानात यावे.

पालखी सोहळ्यातील समाजआरती

या प्रश्नाचे एक उत्तर शोधण्यासाठी आपणांस दूर जावयाचे कारण नाही. आळंदीहून पंढरपुरास जाणारा श्री ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी सोहळा आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल, कित्येकांनी पायी केलाही असेल. या सोहळ्यास आजचे शिस्तबद्ध स्वरूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी दिले. ते मूळचे सातारा जिल्ह्यातील आरफळचे आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. लष्करी शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली होती, ती त्यांनी भक्तीच्या सेवेस लावली. या कार्यात त्यांना साहाय्य लाभले ते अंकली येथील शितोळे सरदारांचे. अंकली हे आज कर्नाटकातील बेळगावी जिल्ह्यात आहे, आणि सोहळ्याचे अश्व आजही तेथूनच आळंदीस पायी नेले जातात. या व्यवस्थेत सीमाभागाचाही वाटा आहे, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट होय.

लाखोंचा हा समुदाय चालतो तो दिंड्यांच्या रूपाने. रथापुढे २७ दिंड्या, रथामागे त्याहून पुष्कळ अधिक. प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला, स्थान ठरलेले, विणेकरी ठरलेला. तळ हलविताना कर्णा तीन वेळा वाजतो. पहिल्या कर्ण्यास आवराआवर, दुसऱ्यास सिद्धता, तिसऱ्यास प्रस्थान. लेखी आदेश नाही, तरी कोणी मागे राहत नाही. कारण खूण एकच आहे आणि तिचा अर्थ सर्वांस ठाऊक आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रसंग सायंकाळी घडतो. पालखी मुक्कामाच्या तळावर आली की दिंड्या पालखीसमोर उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा गजर टिपेला पोहोचलेला असतो. चोपदार आपला चोप उंच करतात आणि क्षणार्धात सर्व टाळ थांबतात. एवढ्या मोठ्या समुदायात शांतता पसरते. मग हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची माहिती दिली जाते आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते. परंतु एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर त्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत. सर्वत्र शांतता असताना एकाच कोपऱ्यातून टाळ वाजत राहतात. चोपदार तेथे जातात, म्हणणे समजून घेतात आणि त्याचा निर्णय होतो. समाधान झाले की टाळ थांबतात, आणि त्यानंतरच समाजआरती होते.

या परंपरेचा विचार शांतपणे करावा, अशी आमची विनंती आहे. तक्रार करणाऱ्यास कार्यालय शोधावे लागत नाही, अर्ज लिहावा लागत नाही, कोणाची ओळख काढावी लागत नाही. एका माणसास एकट्याने उभे राहून बोलावे लागत नाही, त्याची सारी दिंडी त्याच्यासवे टाळ वाजविते. तक्रार सर्वांच्या समक्ष होते, म्हणून ती दडपली जात नाही. ती रोज त्याच वेळी करता येते, म्हणून मनात साचून राहत नाही. चोपदार स्वतः चालत जातात, तक्रारदारास बोलावून घेत नाहीत. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की, एका दिंडीचे समाधान होईपर्यंत सर्व समुदाय थांबतो. आरतीसारखे पवित्र कार्यदेखील त्या एका आवाजासाठी थांबते.

ऐकणे आणि निवारण करणे यांतील भेद

आधुनिक व्यवस्थापनशास्त्र या प्रश्नाकडे विसाव्या शतकात वळले. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न येथे कारखाना होता. तेथे १९२४ ते १९३२ या काळात प्रसिद्ध प्रयोग झाले. त्यांतील एका टप्प्यात सुमारे २१ हजार कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. आरंभी ठरावीक प्रश्न विचारले जात. नंतर संशोधकांच्या ध्यानात आले की, कामगारास जे बोलावेसे वाटते ते बोलू द्यावे, आपण केवळ ऐकावे. मन मोकळे झाल्यावर कित्येकांना कामाची स्थिती सुधारल्यासारखी वाटली. प्रत्यक्षात काही ठिकाणी काहीच बदललेले नव्हते.

ऐकण्याचे सामर्थ्य यावरून दिसते, तसा त्यातील धोकाही दिसतो. ऐकून घेतल्यानेच माणूस शांत होतो असे कळले, की काही व्यवस्थापक केवळ ऐकण्याचे नाटक करू लागतात. सूचनापेटी लावली जाते, तिचे कुलूप कोणी उघडत नाही. वार्षिक सभेत "काही सूचना?" असे विचारले जाते आणि उत्तराची वाट न पाहता आभारप्रदर्शन सुरू होते. दोन-तीन वेळा असे झाले की माणसे बोलणे सोडतात. त्या मौनाला व्यवस्थापन समाधान समजते, आणि घात होतो तो तेथेच. गॅलप या संस्थेच्या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, २०२४ मध्ये जगातील केवळ २१ टक्के कर्मचारी आपल्या कामात मनापासून गुंतलेले होते. बाकीचे हजर असतात, परंतु मनाने तेथे नसतात.

समाजआरतीचे वैशिष्ट्य असे की, तेथे ऐकणे आणि निवारण करणे यांची फारकत होऊ दिलेली नाही. टाळ थांबविण्याचा अधिकार तक्रार करणाऱ्याकडे आहे, ऐकणाऱ्याकडे नाही. आमच्या मते या संपूर्ण विषयाचे सार या एका वाक्यात आहे.

आपल्या परिसरातील दोन उदाहरणे

बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण ही बाराव्या शतकातील शरणांची भूमी. परंपरा सांगते की, तेथील अनुभव मंटपात अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली विचारविनिमय होत असे आणि त्यात महात्मा बसवेश्वरांच्या बरोबरीने वस्त्रे धुणारे मडिवाळ माचय्या, नाव चालविणारे अंबिगर चौडय्या, चर्मकाम करणारे डोहर कक्कय्या यांनाही स्थान होते. अक्कमहादेवींसारख्या स्त्रियाही तेथे होत्या. शरणांनी श्रमाला 'कायक' म्हटले आणि त्यास उपासनेचे मोल दिले. जो हाताने काम करतो त्याला त्या कामाविषयी बोलण्याचाही अधिकार आहे, हा विचार आपल्या मातीत किती जुना आहे, हे यावरून दिसते.

दुसरे उदाहरण अलीकडील आहे. आपल्या हुमनाबादवरून हैदराबादेकडे जाणाऱ्या महामार्गावर, हैदराबादच्या अलीकडे रामचंद्रपुरम येथे भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीचा कारखाना आहे. 'क्वालिटी सर्कल' ही जपानमध्ये १९६२ च्या सुमारास प्राध्यापक इशिकावा यांच्या पुढाकाराने रुजलेली पद्धत भारतात प्रथम १९८० साली याच कारखान्यात सुरू झाली. पद्धत साधी आहे. एकाच ठिकाणी काम करणारी सहा ते बारा माणसे स्वेच्छेने एकत्र येतात, नियमाने थोडा वेळ बसतात, स्वतःच्या कामातील एखादी अडचण स्वतः निवडतात, तिची कारणे शोधतात आणि उपाय व्यवस्थापनापुढे स्वतः मांडतात. येथे अडचण निवडण्याचा अधिकार कामगारांकडे आहे, हे लक्षात घ्यावे. दिंडीच्या टाळांप्रमाणेच येथेही आरंभ खालून होतो.

सांगण्याच्या बाबतीतही आपल्याकडे चांगला वारसा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा कारखाना प्रथम बेळगावात होता. तेथील जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानात कुंडलच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. त्याच वाडीतून १९२० साली शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' हे पत्र काढले. कारखान्याचे एक लहानसे गृहपत्र पुढे 'किर्लोस्कर' या नावाने महाराष्ट्रातील अग्रगण्य मासिक झाले. संस्थेने स्वतःविषयी नियमितपणे, चांगल्या भाषेत आणि वाचावेसे वाटेल असे लिहिले, तर त्याची वाट पाहिली जाते, हे या उदाहरणावरून कळते. आजची कित्येक परिपत्रके वाचकापेक्षा धारिकेसाठीच लिहिलेली वाटतात.

कायदा काय सांगतो

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यानुसार २० किंवा अधिक कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणे आवश्यक आहे. तिच्यात मालकाचे व कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात, सभासद दहाहून अधिक नसतात, आणि स्त्री कामगारांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. आपले जे भाविक कारखान्यांत काम करतात, त्यांनी आपल्या आस्थापनेत अशी समिती आहे काय, याची चौकशी अवश्य करावी.

धर्मादाय वा सामाजिक सेवेस वाहिलेल्या संस्थांस या संहितेतील 'उद्योग' या व्याख्येतून वगळण्यात आले आहे. परंतु कायद्याने सक्ती केली नाही म्हणून न्यायाची गरज संपत नाही. शिवाय स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यस्थळास लागू आहे. त्यानुसार अंतर्गत समिती नेमावी लागते, तिच्या अध्यक्षस्थानी ज्येष्ठ पदावरील स्त्री असावी लागते व निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. देवस्थान म्हणून यातून सूट मिळत नाही, हे विश्वस्तांनी ध्यानी ठेवावे.

आचरणात आणण्याजोग्या काही गोष्टी

वरील विवेचनावरून कोणत्याही मोठ्या संस्थेस पुढील गोष्टी अल्प खर्चात करता येतील, असे आम्हांस वाटते.

१. मोठ्या समुदायाच्या दिंड्या कराव्यात. पंधरा-वीस माणसांचा एक गट आणि त्याचा एक प्रमुख असावा. मुंबईचे डबेवाले असेच छोट्या गटांत, मुकादमाच्या देखरेखीखाली काम करीत आले आहेत. गटातील प्रत्येकास आपला निरोप कोणास सांगावयाचा हे ठाऊक असावे.

२. बोलण्याची वेळ व जागा ठरलेली असावी. कामाची पाळी सुरू होताना दहा मिनिटे पुरेत. आजचा विशेष काय, काल काय अडचण आली, एवढे दोनच विषय असावेत. काम अधिक आहे म्हणून ही दहा मिनिटे रद्द करू नयेत, कारण ज्या दिवशी काम अधिक असते त्याच दिवशी त्यांची गरज अधिक असते.

३. निर्णय बाहेर जाहीर करण्यापूर्वी आतील माणसांस सांगावा. आपल्याच संस्थेची बातमी बाहेरच्याकडून कळणे याहून मोठा अवमान सेवकास दुसरा नाही. निर्णयासोबत त्याचे कारणही सांगावे. कारण कळले की गैरसोयही माणूस सोसतो.

४. भाषेचा विचार करावा. आपल्या भागात एकाच छताखाली कन्नड, मराठी, उर्दू व तेलुगू बोलणारी माणसे काम करतात. एकाच भाषेतील सूचना म्हणजे काहींसाठी कोरा कागद होय. ज्यांस वाचता येत नाही त्यांस तोंडी सांगावे आणि त्यांच्याकडून ते पुन्हा वदवून घ्यावे.

५. प्रत्येक तक्रारीस ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे. मागणी मान्य करणे शक्य नसेल तर तसे कारणासह सांगावे. नकार माणूस विसरतो, दुर्लक्ष विसरत नाही.

६. वरिष्ठांनी चोपदारांप्रमाणे स्वतः चालत जावे. महिन्यातून एकदा तरी विश्वस्तांनी वा व्यवस्थापकांनी स्वयंपाकघर, पादत्राणगृह, स्वच्छतागृह व भांडारात जाऊन तेथील माणसांशी बोलावे. बरोबर लवाजमा नसावा.

७. धोक्याची सूचना देणाऱ्यास कधीही दोष देऊ नये. सूचना चुकीची ठरली तरी त्याचे आभार मानावेत. एकदा रागावलेला माणूस दुसऱ्यांदा सांगावयास येत नाही, आणि नेमकी ती दुसरी वेळ खरी असू शकते.

एक शंका

काही सभासद अशी शंका घेतात की, तक्रारीस वाट करून दिली तर तक्रारी वाढतील आणि शिस्त बिघडेल. शंका प्रामाणिक आहे. आरंभी तक्रारी वाढतीलही, कारण पूर्वी साचलेल्या बाहेर येतील. परंतु पालखी सोहळ्याकडे पाहावे. जेथे रोज सायंकाळी कोणासही संपूर्ण सोहळा थांबविता येतो, त्याच सोहळ्याची शिस्त जगाने वाखाणावी अशी आहे. हा अधिकार आहे म्हणून त्याचा उठसूट उपयोग होत नाही. आपले ऐकले जाईल ही खात्री असलेला माणूस क्षुल्लक गोष्टीसाठी टाळ वाजवीत नाही. शिस्त आणि मोकळीक यांचे वैर नाही, हे त्या तळावर दरवर्षी दिसते.

दुसरीही एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. चांगला संवाद हा योग्य वेतनाचा, विश्रांतीचा वा सन्मानाचा पर्याय होऊ शकत नाही. गोड बोलून कमी पगारात राबवून घेणे यास संवाद म्हणत नाहीत. संवादाने एवढेच होते की, जे चुकते आहे ते वेळेवर कळते. ते दुरुस्त करण्याची जबाबदारी ज्याच्या हाती अधिकार आहे त्याचीच राहते.

समारोप

संस्थेची इमारत, ठेवी व कीर्ती ही तिची बाह्य संपत्ती होय. पहाटे सर्वांआधी येऊन अंगण झाडणारा सेवक "ही संस्था माझी आहे" असे मनापासून म्हणतो काय, ही तिची खरी कसोटी. तो तसे म्हणावा अशी इच्छा असेल, तर त्याच्या हाती एक टाळ द्यावा लागेल, आणि तो वाजला तर आपणांस थांबावे लागेल.

सर्व सभासदांनी व भाविकांनी आपापल्या संस्थेत, कारखान्यात व कार्यालयात या विषयावर सहकाऱ्यांशी चर्चा करावी, आणि वर दिलेल्या सात गोष्टींपैकी निदान एक तरी येत्या महिन्यात सुरू करून पाहावी, अशी आमची नम्र विनंती आहे.